दोन साईज वरचे टायर

३ जून, मंगळवार

आज सकाळी पंपावर, दुसऱ्या मशीनसमोर, माझं आयुष्य बदललं. कालपर्यंतचा मी संपला.

झालं असं. मी डिझेल भरायला उभा. पंपावरची ती, नळी हातात घेऊन. नेहमीसारखं म्हणाली, झिरो बघून घ्या. हे ती प्रत्येकाला म्हणते असं गुंड्याचं मत. गुंड्या मित्र आहे, पण त्याला नुसते कान आहेत, हृदय नाही. बाकीच्यांना ती 'झिरो बघा' म्हणते. मला 'बघून घ्या'. फरक आहे.

तेवढ्यात मागे एक पिकअप येऊन थांबली, राक्षसासारख्या टायरांवर. तिनं मान वर केली आणि म्हणाली, अगं बाई, केवढी उंच गाडी!

माझ्या गाडीकडे बघून ती कधी 'अगं बाई' म्हणालेली नाही. म्हणणार कशी? माझी पिकअप त्या गाडीपुढे बसकं मांजर वाटत होती. अंगाचा तिळपापड झाला. मोठे टायर घालणार. आजच ठरवलं.

५ जून, गुरुवार

बसवले. दोन साईज वरचे. टायरवाला म्हणत होता, एक साईज वर ठीक, दोन गेलास तर गाडी डिझेल पिईल आणि वळताना घासेल. मी म्हटलं, काका, टायर विका, सल्ले नकोत. गणित सोपं आहे. मोठं चाक एका फेरीत लांब जातं. म्हणजे इंजिनाला फेऱ्या कमी. म्हणजे डिझेल कमी. दहावीच्या पोरालाही कळेल. तो म्हणाला, दहावीच्या पोरालाच कळेल.

मी इंजिनिअरिंगची तीन सेमिस्टर केलेला माणूस. घरात ह्याला 'अर्धवट सोडलं' म्हणतात. सोडलं नाही. सर म्हणाले वर्गाबाहेर जा, मी कॉलेजबाहेर गेलो. सांगितलं त्यापेक्षा जास्तच केलं.

नव्यांच्या किमतीपोटी जुने टायर आणि कॉलेजसाठी घेतलेला कॉम्प्युटर टायरवाल्याला देऊन टाकले. जुन्यांपैकी एकावर पांढऱ्या प्रायमरचा लांब ओघळ होता, कारखान्यात डबा लवंडला तेव्हाचा. गेली ब्याद.

आमचा दारांचा कारखाना आहे. बाबा दारं बनवतात, मी पोचवतो. बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. म्हणाले, झकास. आता दारं चढवायला शिडी करू का? मी घरात गेलो आणि खोलीचं दार आपटलं.

८ जून, रविवार

बाबांनी माझ्या दाराला डोअर क्लोजर बसवला. आता कितीही जोरात ढकला, ते सुस्तावल्यासारखं हळूहळू येतं आणि मिटताना साधा आवाजही करत नाही. ह्या घरात माझ्या रागाची कुणाला किंमत नाही.

पंपावर जाऊन आलो. तिनं नळी घातली, म्हणाली, झिरो बघून घ्या. टायरांबद्दल अवाक्षर नाही. शब्द सुचले नसणार.

१२ जून, गुरुवार

स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं की पुढचा टायर आत घासतो. करकर करकर, दातओठ खाल्ल्यासारखा. टायरवाल्याचं म्हणणं खरं ठरतंय असं काही नाही. ह्या गाडीचं मडगार्डच मुळात चुकीचं बनवलंय.

इलाज सापडला. डावीकडे वळायचंच नाही. तीन वेळा उजवीकडे वळलं की एक डावी होते. कारखान्यातले सुतारमामा विचारत होते, काय रे, दाराला गाव दाखवून आणलंस का? म्हटलं, मामा, तुम्ही बिजागऱ्या बघा.

आईचं तिसरंच. म्हणते, गाडीत चढताना तुझी पँट फाटली, ती शिवायला टाक. फाटलेली नाही. उसवलीय.

१५ जून, रविवार

डिझेल जरा जास्त लागतंय हे मान्य. पूर्वी टाकी भरली की आठवडाभर बघायला लागायचं नाही. आता निम्म्या आठवड्यात काटा लोळण घेतो. विचार केला. सध्या वारा समोरून असतो, येतानाही आणि जातानाही. शिवाय बाबांनी मुद्दाम जड दारांच्या ऑर्डरी घेतल्यात. मिस्त्रीनं सर्व्हिसिंग करताना काही पिळलं असेल तर तेही बघायला हवं. टायरांचा संबंध नाही. टायर डिझेल कसा पिईल? टायरला तोंड असतं का?

आणि जे होतं ते भल्यासाठी. पंपावरच्या फेऱ्या वाढल्या. आज ती म्हणाली, परत आलात?

म्हणजे लक्ष ठेवून असते.

१७ जून, मंगळवार

संताप, संताप, संताप.

सकाळी ट्रॅफिक पोलिसानं धरलं. म्हणे जोरात चालवतोस. मी मीटर दाखवला, काटा मर्यादेच्या आत. त्यानं आपलं यंत्र दाखवलं, मर्यादेच्या बाहेर. मी म्हटलं, तुमचं यंत्र खोटं बोलतंय. तो म्हणाला, उतर खाली. उतरताना पँट परत उसवली. पावती फाडून मोकळा झाला.

तडक मिस्त्रीकडे गेलो, म्हटलं माझा मीटर तपास. तो गाडीखालून बाहेरही आला नाही. तिथूनच ओरडला, मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो रे, चाक मोठं झालंय हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं? गाडी मीटरपेक्षा जोरात पळतेय. आणि पळतेय त्यापेक्षा कमी किलोमीटर दाखवतेय.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश! किलोमीटर कमी दिसतात, म्हणजे अ‍ॅव्हरेज दिसतं तेवढं पडलेलं नाहीच! तसाच कारखान्यात गेलो आणि बाबांना हे धडाधड समजावून सांगितलं. बाबांचा रंधा चालूच. म्हणाले, बरं, ते वरचे किलोमीटर धरू. धरूनही पडलंच ना? मी म्हटलं, पडलं, पण कमी पडलं. मग त्यांनी रंधा खाली ठेवला. भुसा फुंकला. आणि एकदम हळू आवाजात विचारलं, डिझेल काढून विकत नाहीस ना?

सुतारमामा खिळे शोधायला लागले. खिळे समोरच होते.

मी चोर? मी? घरी येऊन दार ढकललं. ते आलं सावकाश.

१९ जून, गुरुवार

बाबा गेले खड्ड्यात. आज जग माझं आहे.

तिनं स्वतःहून विचारलं. म्हणाली, तुमची ती आधीची बुटकी गाडी होती ना, ती एकोणतीसला, रविवारी मिळेल का? थोडं सामान हलवायचंय, आईपण बरोबर असेल. मी म्हटलं, अहो, ही तीच गाडी. ती टायरांकडे बघतच राहिली. म्हणाली, हो का. मग स्टूलबिल काही आणाल का? आईचे गुडघे दुखतात.

पहिल्याच भेटीत आई! आणि माझी जुनी गाडीसुद्धा तिच्या आठवणीत आहे. सामान कुठे न्यायचं ते मी विचारलं नाही. प्रेमात पत्ता विचारत नाहीत.

२५ जून, बुधवार

बाबांनी मिस्त्रीला बोलावून गाडी तपासली. इंजिन ठणठणीत. गळती नाही. बाबा म्हणाले, आता दोनच गोष्टी उरल्या, टायर नाहीतर तू. मी म्हटलं, तिसरीही आहे. पंप! माप मारत असतील! बाबा म्हणाले, तीस वर्षं त्याच पंपावर भरतोय मी. म्हटलं, मग तीस वर्षं फसताय.

उद्या ह्याचा सोक्षमोक्ष. चोर कोण ते साऱ्या गावाला कळेल.

२६ जून, गुरुवार

कळलं.

पंपावर गेलो आणि मालकाच्या केबिनसमोर उभा राहून सुरुवात केली. तोंडाचा पट्टा असा सुटला की गाड्या थांबल्या, रिक्षावाले जमले. माप मारता, लोकांना लुबाडता, सगळं बोललो. मालक शांतपणे म्हणाला, मशीनवर कोण असतं ते माहीत आहे ना?

नळी कोण धरतं हे रागात माझ्या ध्यानातच आलं नाही.

ती आतून मापाचं भांडं घेऊन आली. पाच लिटरचं, मानेवर रेघ आखलेलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, झिरो बघून घ्या. बघितला. नळी सोडली. डिझेल चढत चढत रेघेवर आलं आणि तिथेच थांबलं. रिक्षावाले वाकून वाकून बघून गेले. एक जण म्हणाला, दादा, चष्मा लावा.

ती भांडं उचलताना म्हणाली, रविवारी तुमची गाडी नको. मी दुसरी बघते.

२७ जून, शुक्रवार

शांतपणे विचार केला. ती रुसलीय. परक्यावर कुणी रुसत नाही.

रविवारी न बोलावता जाणार. सुतारमामांकडून स्टूल करून घेतलं, दोन पायऱ्यांचं, कडा घासून गुळगुळीत. कुणासाठी विचारत होते. म्हटलं, एक्स्पोर्ट ऑर्डर आहे. माप बरोबर होतं हे तिला तोंडानं सांगायचं, एवढं ठरवलंय. त्या पंपावर मात्र भरायला जाणार नाही, मला स्वाभिमान आहे. दुसरा पंप गावाबाहेर. काटा लाल पट्टीत आहे, पण लाल पट्टीतही गाडी बरीच जाते, हा माझा जुना अनुभव.

२९ जून, रविवार

जुना अनुभव जुन्या टायरांचा होता.

तिचं घर, गुंड्यानं सांगितलं तसं, चौकातून डावीकडे. म्हणजे मला तीन उजव्या. दोन झाल्या. तिसरीच्या आधी, चढावर, गाडी दोन आचके देऊन थांबली. काटा मेलेला. आसपास ना पंप ना माणूस. हौद्यातून स्टूल काढलं आणि रस्त्याकडेला त्यावर बसून टायरांना लाथा घातल्या. टायरांना काही झालं नाही. अंगठा ठणकतोय.

तेवढ्यात खालून एक बुटकी पिकअप आली. मागे टेबल, ट्रंक, गादीची वळकटी, पुस्तकांचे गठ्ठे. पुढे ती आणि तिची आई. गाडी थांबली. ती उतरली, म्हणाली, डिझेल संपलं? मी म्हटलं, छे, इंजिन गार करतोय. तिच्या आईनं खिडकीतून मान काढली, माझ्या गाडीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, अगं बाई, केवढी उंच गाडी! हिच्यात चढणार कोण?

अगदी तिचाच सूर. तेच 'अगं बाई'. पुढचं वाक्य ती त्या दिवशी मनात म्हणाली असेल.

म्हटलं, त्या दिवशीचं माप बरोबर होतं. ती म्हणाली, माहितीये. मी विचारलं, कुठे निघालात? तर हॉस्टेलवर. इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, त्यासाठीच इतके दिवस पंपावर होती. कॉलेज कुठलं?

माझंच.

मी म्हटलं, मीही होतो तिथे. ती म्हणाली, मग सोडलंत का? पुरेसं शिकलो, हे उत्तर मला पाठ आहे. पण टायरांसमोर उभं राहून ते तोंडातून निघेना. ती म्हणाली, पुढच्या चौकात कुणाला तरी डिझेल घेऊन पाठवते, आणि निघाली. गाडी चढ अशी सहज चढून गेली की बघत राहावं. मागच्या डाव्या टायरवर पांढऱ्या प्रायमरचा लांब ओघळ होता. गरगर फिरत, छान दिसत होता.

३० जून, सोमवार, सकाळ

काल बाबाच कॅन घेऊन आले. रात्री जेवताना आईला म्हणाले, पोरगा चोर नाही ह्याची खात्री पटली, चोराला डोकं लागतं. आई हसली. ताईला फोन करून सांगितलं, तीही हसली. मी पानावरून उठलो नाही. भूक होती.

आज गाडीची चावी सुतारमामांकडे. स्टूल आई माळ्यावरचे डबे काढायला वापरतेय.

कॉलेजचं ऑफिस दहाला उघडतं. सुटलेल्या मुलांना परत घेतात का ते विचारायला जातोय. तिचा काही संबंध नाही. मशीन ड्रॉइंग अर्धवट राहिलंय, ते कधीपासून मनाला लागून राहिलंय. सरांची माफी मागणार नाही. फार तर, दार कुठलं होतं ते विसरलो होतो असं म्हणेन.

एसटी स्टँडपर्यंत पायी जाणार. चौकातून सरळ डावीकडे. पायांना काही घासत नाही.

आता ही वही ठेवतो, चपला घालतो, बाहेर पडतो आणि दार असं आपटतो की घर हादरलं पाहिजे. म्हणजे, ढकलतो. मिटेल ते आपल्या वेळेनं.