सुनंदाबाईंची काळी खिचडी

ता. चोपडा
८ जुलै २०२५

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि. इथे रेंज टेकडीवरच मिळते आणि टेकडीवर सध्या चिखल आहे, म्हणून पत्र.

काल मुलांना सकस आहार शिकवला. तक्त्यावर सफरचंद, सॅलड, ब्रोकोली. तिसरीतल्या रेशमाने उभं राहून ब्रोकोलीकडे बोट दाखवत विचारलं की हे फ्लॉवर सडेल शे का! सगळा वर्ग लोळला.

पण खरं दुखणं आमच्या पोषण आहाराचं. सुनंदाबाई खिचडी शिजवतात ती काळीकुट्ट. हिरवं पान औषधालाही नाही. मी केंद्रप्रमुखांकडे लेखी तक्रार ठोकली. २१ तारखेला समिती बसेल आणि बाईंना बहुतेक काढतील. तुझी बहीण कामाला लागली बरं का!

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
हेमलता

धुळे
१२ जुलै २०२५

चि. हेमलतेस,
अ. उ. आ. तुझं पत्र मेसच्या पोरांना वाचून दाखवलं. ब्रोकोलीला टाळ्या पडल्या.

वीस वर्षं मी कॉलेजच्या पोरांना जेवू घालते आहे. रंगावरून नावं ठेवणारे पुष्कळ पाहिले. त्यांतला एकही चाखून बोलत नव्हता. तू ती खिचडी खाल्लीस का गं? की घरचा डबा उघडून लांबूनच नाक मुरडलंस? आणि शाळेत रोज चव घेऊन वहीत सही करायची असते म्हणतात. ती कोण करतं?

एका बाईची चूल विझवायच्या आधी तिच्या हातचा एक घास तरी खा, शहाणे.

रागावलीस तरी उत्तर धाड.
तुझी,
अक्का

ता. चोपडा
२४ जुलै २०२५

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि. सही मीच करत होते. रोज ‘चव उत्तम’. न चाखता.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ताट घेऊन पंगतीत बसले. खिचडी इतकी चविष्ट की मला माझीच लाज वाटली. सुनंदाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, हिरवं दिखनं का पोरे टाकी देतस. म्हणून त्या शेवग्याचा पाला वाळवून कुटतात आणि काळ्या मसाल्यात दडवतात. पाला घरच्या झाडाचा. माझ्या तक्रारीचं त्यांना कळलं होतं, तरी वाढताना हात आखडला नाही.

सोमवारी समितीसमोर उभी राहिले. तक्रार न चाखता केली, सह्याही खोट्या, असं सांगून टाकलं. हेडमास्तर जगदीश सरांना एकदम खोकला आला. वहीत माझ्या सहीशेजारची सही त्यांची असते. बाईंचं काम राहिलं, मला लेखी ताकीद मिळाली.

दोन दिवस बाई मला वाढताना मान फिरवून वाढत होत्या. आज न विचारता दोन डाव वाढले आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, उपाशी मानूस तक्रारच करस. पोरं फिदीफिदी हसली. मी मान खाली घालून सगळं ताट संपवलं.

आशीर्वाद असू दे, थोडी शिवीही चालेल.
तुझी,
हेमलता