धारेवरचा नंबर

मंगळवार, नऊ तारीख
दुकानात, दुपारच्या सुट्टीत

ताई,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी मिळालं. गुडघ्याचं वाचलं. जिना दिवसातून एकदाच चढ. आणि मशीनला आता तरी मोटर लावून घे, पायाने किती वर्षं चालवणार आहेस?

इकडे मुलींचं बरं आहे. मुंगीच्या हातावर प्लॅस्टर अजून सोळा दिवस. ती डाव्या हाताने लिहायला शिकली. बाई म्हणाल्या, उजव्यापेक्षा हे अक्षर लागतं तरी. गोटीचा पुढचा दात पडला. तो खिशात घेऊन हिंडते आणि भेटेल त्याला दाखवते. काल दुकानात एका आजोबांना दाखवला. त्यांनी त्यांचे सगळे काढून दाखवले. तेव्हापासून तो खिशातच आहे.

आता तुझ्या पत्राचं.

तू वीस तारखेला येणार आणि दोघींना घेऊन जाणार, असं लिहिलंस. वर्ष संपेपर्यंत तुझ्याकडे, तुझ्या गल्लीतल्या शाळेत. त्यांच्या बाबालाही तसंच कळवलंस. त्याचा बोटीवरून निरोप आला की तुम्ही बहिणी मिळून ठरवा. आठ महिने पाण्यावर असलेल्या माणसाला एवढंच सांगता येतं. मी ठरवलं. मुली येणार नाहीत.

हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे पुढचं वाचताना तुला वाट बघावी लागणार नाही.

"पोरी म्हणजे बकऱ्या नव्हेत, कड्यावर सोडायला." हे वाक्य मी दोनदा वाचलं. चांगलं आहे. पण मी त्यांना सोडत नाही. बरोबर असते. दर महिन्यातला एक रविवार, चार वर्षं. ओढा, जंगल, गुहा, डोंगर. पहिल्या वर्षी गोटी पाठीवर होती. आता ती माझी पाण्याची बाटली उचलते आणि मला सांगते, आई, दम लागला तर लाज नाही.

झालं ते तुला फोनवर सांगितलं होतं. डोंगराच्या धारेवरचा दगड निसटला, मुंगी खालच्या टप्प्यावर पडली, मनगट मोडलं. दगड कुणाच्याही पायाखालून निसटतो. जिन्यावरही पाय घसरतो. म्हणून आपण जिने पाडत नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घालताना तिला विचारलं, "काय मग, आता डोंगर बंद ना?"

ती म्हणाली, "का? डोंगराला काय झालं?"

आमचे नियम तुला माहीत नाहीत. तू कधी विचारले नाहीस, मी सांगितले नाहीत. निघताना बस थांब्यावर प्रत्येकीने आपला नंबर सांगायचा. भीतीचा. चष्म्याला असतो तसा, पावापावाने वाढणारा. मुलींनी तो माझ्या चष्म्याच्या दुकानातून उचलला. पाव म्हणजे पोटात गुदगुल्या. एक म्हणजे तळहात ओले. दोन म्हणजे बोलावंसं वाटत नाही. तीनच्या वर कुणाचाही गेला तर त्या दिवशी डोंगर नाही, खाली बसून डबा खायचा आणि परत यायचं. कुणी हसायचं नाही. आणि ज्याचा नंबर सगळ्यात मोठा, त्याने पुढे चालायचं. कारण मागे राहिलेल्या घाबरट माणसाकडे कुणाचं लक्ष नसतं. पुढे असला की सगळे त्याच्या चालीने चालतात.

गोटीचा नंबर कुत्र्यांचा असतो. मुंगी पडली त्या दिवशी पायथ्याशी तीन कुत्री होती. ती म्हणाली, "पावणेतीन." आणि पुढे झाली. मुठी आवळून, नाक वर करून. सात वर्षांची मुलगी. कुत्र्यांनी बघितलंसुद्धा नाही. पलीकडे गेल्यावर म्हणाली, "आता पाऊण."

मी तिच्या वयाची होते तेव्हा तू मला कापडाच्या पट्टीने मशीनच्या पायाला बांधायचीस. सैल, लागू नये अशी. आई गेल्यावर तू सतरा वर्षांची होतीस आणि तुला दिवसाला सहा झबली पुरी करायची असायची, हे मला कळतं. तेव्हाही कळत असावं, कारण मी कधी गाठ सोडली नाही. शाळेच्या सहलीच्या दिवशी मला ताप आहे अशी चिठ्ठी तू पाठवायचीस. चार वर्षं, चार चिठ्ठ्या. पाचव्या वर्षी मला खरंच ताप आला. सहलीच्याच दिवशी.

शाळा सुटायच्या वेळी तू खिडकीत उभी असायचीस. तोंडात सुया. मी घरी आले की विचारायचे, ताई, काय बघतेस? तू म्हणायचीस, उजेड बघतेय, दोरा ओवायचाय. रोज. त्या खिडकीतून उजेड येत नव्हता ताई. समोर भिंत होती आणि भिंतीपलीकडे माझा शाळेतून यायचा रस्ता.

मी तुला दोष देत नाहीये. देतेय थोडा.

दुकानात आज सकाळी एक बाई आल्या. डोळे तपासायच्या खुर्चीत बसल्या आणि तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. मी तक्ता उलटवला. तरी तीच ओळ वाचली. बाहेर बाकावर बसल्या बसल्या पाठ केली होती. अशी माणसं आठवड्याला दोन-तीन येतात. नापास होऊ या भीतीने खोटं वाचतात, मग चुकीचा चष्मा घेऊन जातात आणि डोकं धरून परत येतात. मी त्यांना रागवत नाही. आज त्या बाईंना रागावले. मालक आतून बघत राहिले.

म्हणून लिहायला बसले आहे. दगडाचं मी सांगितलं ते खोटं नाही. पण ते शेवटचं आहे. त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं.

आदल्या दिवशी तुझा फोन आला होता. तू म्हणालीस, "तुला जत्रेतल्या पाळण्यात बसवत नव्हतं, तू पोरींना काय डोंगर दाखवणार?" तू हसत म्हणालीस. मीही हसले.

धारेच्या तोंडाशी आम्ही पुन्हा नंबर सांगितले. नेहमी सांगतो, जागा बदलली की. धार म्हणजे शंभरेक पावलं, एका वेळी एकच माणूस मावेल एवढी वाट, एका अंगाला उतार, दुसऱ्या अंगाला काही नाही. गोटी म्हणाली, "एक." मुंगी म्हणाली, "अर्धा." मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. या धारेसाठी त्या महिनाभर थांबल्या होत्या. मी म्हणाले, "पाव."

माझा सहा होता, ताई. मला जीभ जागेवर सापडत नव्हती.

म्हणून गोटी पुढे, मुंगी मध्ये, मी शेवटी. निम्म्या वाटेवर पुढचं पाऊल पडेना. मी बसले. गोटी पलीकडे सपाटीला पोचली होती. मुंगीने मागे बघितलं.

"आई, काय झालं?"

"काही नाही. नाडी बांधतेय."

"तुझ्या बुटांना नाडी नाहीये."

अरुंद जागी मागे वळायचं नाही, हाही आमचाच नियम. ती माझ्यासाठी वळली. तेव्हा दगड निसटला.

पुरुषभर उंचीवरून ती खालच्या टप्प्यावर पडली. मग खालून ओरडली. रडत नव्हती, रागावली होती. "आई, खरा नंबर सांग!"

मी म्हणाले, "सहा."

"मग तू पुढे!"

मी गोटीला पलीकडूनच हाक मारून सांगितलं, खाली बस, हलू नकोस. ती बसली. मग मी खाली उतरले. पायाने नाही. बसून, सरकत, ढुंगणावर. विजार फाटली. मुंगीचा हात काठीला आणि रुमालाला बांधला. तो टप्पा पुढे वाटेला मिळतो, तिथपर्यंत मी पुढे आणि ती मागे. माझा पाय थांबला की ती म्हणायची, आता किती? मी सांगायचे. साडेपाच. पाच. पुन्हा साडेपाच. गोटी दिसली तेव्हा चार होता. तिथून खाली जायला दुसरी रुंद वाट आहे, तिने आलो. कुत्री तिथेच होती. गोटी न सांगता पुढे झाली.

हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. मुलींच्या बाबाला सांगितलं नाही. तुला नाही. सगळ्यांना दगड सांगितला.

पण मला ज्याने झोपू दिलं नाही ते हे नव्हे. त्याच संध्याकाळी तुझा फोन मुंगीने घेतला. मी बाजूला उभी होते. तू विचारलंस, कशी पडलीस गं? ती म्हणाली, "दगड निसटला, मावशी." एवढंच. मी तिला काही सांगितलं नव्हतं. ती आपणहून माझ्यासाठी उजेड बघायला लागली.

अकरा वर्षांची आहे. तेवढ्यात आलं तिला. आपल्या घरात ते चटकन येतं.

तेव्हा चूक कोणती, यावर आपलं जमणार नाही. तू म्हणतेस, त्यांना डोंगरावर नेलं ही चूक. मी म्हणते, मी पाव म्हणाले ही चूक. मनगट माझ्यामुळे मोडलं, ते मी आज मुंगीला म्हणाले, आता तुला लिहिते, रात्री बोटीवर कळवेन. त्याची शिक्षा म्हणून मुलींना खिडकीत उभं करू नकोस. मी त्यांना तुझ्याकडे पाठवणार नाही. तुझ्यावर राग आहे म्हणून नाही. तुझ्याकडे कुणी नंबर विचारत नाही म्हणून.

प्लॅस्टर निघालं की महिनाभर थांबू, डॉक्टरांना विचारू आणि पुन्हा त्याच धारेच्या तोंडाशी जाऊ. नंबर सांगू. माझा तीनच्या वर असला तर तिथेच डबा खाऊ आणि परत येऊ. दहा वेळा परत यावं लागलं तर दहा वेळा येऊ.

तू वीसला ये. जरूर ये. मुलींची बॅग भरलेली नसेल. तू मात्र सपाट तळाचे बूट आण, त्या झिजलेल्या सपाता नकोत. रविवारी ओढ्यापर्यंत सपाट वाट आहे, तुझ्या गुडघ्याला झेपेल. बस थांब्यावर गोटी तुला नंबर विचारेल. उजेड बघतेय हे उत्तर ती घेणार नाही. मला वाटतं तुझा सगळ्यात मोठा असेल. गेली तीस वर्षं आहे.

मग तू पुढे चालशील. आम्ही तिघी तुझ्या चालीने.

हे लिहिताना माझा नंबर साडेचार आहे. दुकान सुटल्यावर पत्र पेटीत टाकायला मुंगी बरोबर येतेय. मी पुढे.

तुझी,
पट्टी सोडलेली
धाकटी