फळ्याची पंच

३ ऑक्टोबर १९९७
पंच झाले मी! ग्रामपंचायतीची निवडणूक लागली नि चावडीच्या फळ्यावर जो तो एकमेकांची आईबहीण काढाया लागला. नाव कुणाचंच न्हाई. शेवटी दोन्ही पॅनलांनी ठरवलं — काय ठेवायचं, काय पुसायचं, बायडाबाई सांगंल. का? तर मला वाचता येत न्हाई, अक्षर कुणाचं ते कळायचं न्हाई!
छगन म्हनला, "म्हातारे, तुझं अडाणीपण गावाच्या कामी आलं."
म्हटलं, "व्हय, तुझं शिक्षण तर कुणाच्याच न्हाई आलं."
नात वृषाली बारावी झालीय. फळा ती वाचणार. ही वहीबी तीच लिहिते, मी सांगते तशी.

५ ऑक्टोबर
दिवस उगवताना जातो दोघी, लोक यायच्या आत. माझा कायदा सोपा. कामावर बोला — ठेवते. घरावर, जातीवर, बाईच्या पदरावर बोललात — पुसते.
'सरपंच झोपाळू.' ठेवलं. सरपंच माझाच पोरगा, कल्याण; वृषाली त्याचीच लेक, अण्णा म्हणते त्याला. झोपतोच तो! जेवायला माझ्या पंक्तीला बसला न्हाई.

६ ऑक्टोबर
नऊ ओळी. सात पुसल्या. पदर पांढराफेक.

८ ऑक्टोबर
आज जयमालाची ओळ. बायकांच्या राखीव जागेवर कल्याणच्या पॅनलविरुद्ध उभी हाय. खाली नाव घालून लिहिणारी गावात ती एकटीच. वृषालीनं वाचलं — आमच्या सुनेवर घाण! पुसलं. वर पाराजवळ सगळ्यांदेखत जयमालाला बोलले, "बाई असून बाईवर?"
ती "आजी, तुमीबी?" एवढंच म्हनली.

१० ऑक्टोबर
जयमाला उद्या पाथर्डीला जाऊन अर्ज मागं घेणार. पोरंसोरं तिला बघून नाक दाबतात म्हणे.
मालनबाई आली, तिची शेजारीण. म्हनली, "लेकराची शपथ घेती ती. इतकंच लिवलं हुतं — टाकी बांधून दोन वर्षं झाली, पाणी कुठाय?"
वृषालीकडं बघितलं. मान खाली. "अण्णांचं नाव गेलं असतं, आजी."
आता लिहिता लिहिता हात थांबलाय तिचा. म्हटलं, थांबू नको. तुझंबी लिही, माझंबी लिही. तू खोटं वाचलंस, मी खरं पुसलं. पाराजवळ जीभ मात्र माझी एकटीची चालली. नाव घालून लिहिलेली एकच ओळ, तीच पुसली — लई हुशार पंच!
जयमालाच्या दारी गेले. तिनं दार उघडलं न्हाई.

११ ऑक्टोबर
वृषालीनं तो प्रश्न फळ्यावर परत लिहिला, तस्साच. भरल्या पारासमोर मोठ्यानं वाचला, आपण काय केलं तेबी सांगितलं. प्रश्नाखाली मी अंगठा उठवला, ओल्या खडूचा. कल्याण फडकं घेऊन आला. म्हटलं, "मागं हो, पंच मी हाय."
पाथर्डीची जीप गेली. जयमाला न्हाई बसली.