काळ्या जाळीला वारस नेमण्याबाबत

मी, खाली सही करणार आहे ती, वय पंचवीस, धंदा अजून ठरलेला नाही, घरात आणि बाहेर भिंगरी म्हणूनच ओळखली जाते. आज माझं डोकं ठिकाणावर आहे. हे माझं एकटीचं म्हणणं नाही. सकाळी सिस्टरने तीन प्रश्न विचारून खात्री केली. त्यातला वाराचा प्रश्न चुकला, पण विलगीकरणात सतरा दिवस कोंडलेल्या कोणाचाही चुकेल, असा शेरा तिनेच मारला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. एकवीस दिवसांत ताप आला नाही तर मी सुटेन. आला तर त्यावर औषध नाही. म्हणून माझ्यामागे कोणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते.

आधी कागदाचं. या खोलीतून कागद बाहेर जात नाही. इथे आलेली प्रत्येक वस्तू, ताट असो की चप्पल, शेवटी भट्टीत जाते. म्हणून मी एकेक पान लिहून काचेला लावते आणि पलीकडे स्टुलावर बसलेली माझी मावशी ते स्वच्छ अक्षरात उतरवून घेते. तिची प्रत हीच खरी समजावी. मधूनमधून ती काचेवर टिचकी मारून माझे ऱ्हस्वदीर्घ सुधारते. मरणाच्या दारातही सुटका नाही.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, विषाणूतज्ज्ञ. एकतीस वर्षं ती एकाच तापाच्या विषाणूमागे आहे. तो वटवाघळांत राहतो, त्यांना काही करत नाही, माणसाला करतो. लहान असताना मी विचारलं होतं, "मावशी, तो जिवंत असतो की मेलेला?"

"भाडेकरू असतो," ती म्हणाली. "घर मिळालं की जिवंत."

विज्ञानातलं एवढंच मला पाठ आहे.

कलम एक. मोटारसायकल आईला. आईला ती चालवता येत नाही. अंगणात उभी करून तिच्यावर धुणं वाळत घालावं. मी घरी असते तेव्हाही ती तेच करते. म्हणते, गाडी ओली असली की तू कुठे जात नाहीस.

कलम दोन. तंबू सिस्टरला द्यायचा होता. पण ती या कागदाची साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं तीच म्हणाली. तिच्या वडिलांच्या मृत्युपत्रावर तिने हौसेने सही केली आणि तिचं एक कपाट असंच गेलं. तेव्हा तंबू ज्याला सापडेल त्याला.

कलम तीन. तीन अर्धवट शिक्षणांची ओळखपत्रं जाळावीत. त्यानंतर मी मासेमारीच्या बोटीवर होते, मग छापखान्यात, मग एका मधमाश्यावाल्याकडे. तो माणूस भला होता, माश्यांशी बोलायचा, माझ्याशी नाही. ते असो. तिथूनही काढलं तेव्हा मावशी म्हणाली, "एका जागी बसवत नाही ना तुला? चल माझ्याबरोबर वटवाघळं धरायला. तीही बसत नाहीत, लटकतात." त्याला तीन वर्षं झाली. एवढा काळ मी कुठेच टिकले नव्हते.

कलम चार. मावशीच्या संस्थेच्या साहेबांना माझी प्रयोगशाळेतली खुर्ची, जिचा एक पाय आखूड आहे. मावशीने अकरा महिने राबून जो शोधनिबंध लिहिला त्यावर साहेबांचं नाव पहिलं लागलं. पेपरातल्या फोटोत मावशीचं फक्त कोपर आलं. साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला कॅमेरा आवडत नाही ना?" तिला तसं कोणी कधी विचारलेलंच नव्हतं. साहेबांनी या खुर्चीत एक पूर्ण बैठक काढावी, हलायचं नाही.

कलम पाच. काळी जाळी मावशीला. ही वटवाघळं धरायची जाळी, केसाहून बारीक दोऱ्याची. मावशीला नवी मिळत नाही, अर्ज साहेबांकडे पडून असतो. फाटली की मावशी चष्म्यावर चष्मा लावून ती शिवते. नमुने गोठवायच्या थंड वायूने तिच्या दोन बोटांतली जाणीव गेली आहे, त्यामुळे सुई टोचली तरी कळत नाही. म्हणून मी शेजारी बसून "टोचली" असं सांगायचं काम करते.

कलम सहा. हे कलम वाटणीचं नाही, तरी याच्यासाठीच बाकीची लिहिली. सतरा दिवसांपूर्वी संध्याकाळी एक वटवाघूळ जाळीत गुरफटलं. नियम असा की न सुटल्यास जाळी कापायची, जाड हातमोजा कधीच काढायचा नाही. मी जाळी वाचवायला हातमोजा काढला. ते डाव्या अंगठ्याच्या बुडाशी चावलं. मावशीने घड्याळ लावून पंधरा मिनिटं माझा हात साबणाने धुतला. मग चौकशी समितीला लिहून दिलं की हातमोजा काढायला तिनेच सांगितलं. ते खोटं आहे. सोमवारी समिती बसेल आणि तिच्याकडून थंड खोलीची किल्ली काढून घेईल. त्या खोलीत तिचे एकतीस वर्षांचे नमुने आहेत. साहेबांना तिथे बैठकीची खोली करायची आहे.

इथे मावशीचं पेन थांबलं.

"हे मी उतरवत नाही."

"का?"

"तीन ठिकाणांहून काढलंय तुला. चौथं नको. निवृत्तीला माझे आठ महिने राहिलेत, माझं काय जातंय?"

"किल्ली जाते."

"गप्प बस. ताप बघितलास?"

"बघितला, नाहीये. तू लिही. दिसेल ते वहीत लिहायचं, आवडलं नाही तरी, हे मला कोणी शिकवलं? त्या संध्याकाळी टॉर्च तुझ्याच हातात होता, मावशी."

ती उठून गेली. चाळीस मिनिटं स्टूल रिकामं होतं. सिस्टर म्हणाली, "जेवायला गेल्या असतील." जेवायला गेली नव्हती. परत आली ती समितीला दिलेला जबाब घेऊन, आणि तो तिने काचेला लावला. तिच्या वहीत चूक खोडत नाहीत. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारतात आणि बाजूला सही करतात. तशी एक रेघ होती. वर लिहिलं होतं: "हातमोजा तिने स्वतः काढला. मी पाहिले. जाळी काप, हे ओरडायला मला उशीर झाला."

तिसरं वाक्य मला मान्य नाही, पण ते तिचं मत आहे.

मग तिने कलम सहा उतरवलं आणि दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले.

दुसरा साक्षीदार म्हणून पहारेकरी ठरला होता. तो काचेपाशी यायला तयार नाही. मावशी म्हणाली, "आण, मी करते सही."

"मग जाळी मिळायची नाही तुम्हाला," सिस्टर म्हणाली. "माझं कपाट आठवा."

"नकोच आहे. त्या संध्याकाळचा चिखल तसाच आहे तिला. जिने लावला तिने येऊन धुवावा."

सबब कलम पाचवर एक रेघ मारली आहे, बाजूला माझी सही आहे. जाळीला वारस नाही. ती धुवायचं काम माझ्याकडे आलं आहे.

लिहून देणार: भिंगरी (आतून)

साक्षीदार: १. सिस्टर २. मावशी. दोघींनी बाहेरच्या प्रतीवर सह्या केल्या, मी काचेतून पाहिल्या, त्यांनी माझी पाहिली.

ठिकाण: खोली दोन.

दिवस: एकवीसपैकी सतरावा.

सहीच्या वेळचा ताप, मावशीच्या आग्रहावरून: नाही.