आईच्या हातची कात्री

ती. बाबा,

काल मी निवृत्त झालो, माझी पैलवानकीची शेंडी कापली. एकवीस वर्षं सुमो खेळलो, एकही कुस्ती चुकवली नाही, पण वरच्या वर्गात कधी पोचलो नाही. मी घर सोडताना तुम्ही म्हणाला होतात, "वर चढलास तरच तोंड दाखव." म्हणून निमंत्रण पाठवूनही तुम्ही आला नाहीत. आओमोरीहून आई एकटीच आली.

नामवंतांची शेंडी टोकियोच्या मोठ्या आखाड्यात कापतात. माझी तालमीच्या जेवणघरात कापली. तीस जणांचं कालवण मी रोज तिथंच रांधायचो. खुर्चीवर बसलो आणि एकेकानं येऊन एकेक बट कापली. मग वस्ताद आईला म्हणाले, "या, आता तुम्ही."

आई मागं सरली. "अहो, बाईमाणसाला चालतं का?"

"मोठ्या आखाड्याच्या मातीवर बाईनं पाय ठेवलेला चालत नाही. हे तर जेवणघर आहे. कापा बिनधास्त!"

म्हणजे मी वर चढलो असतो, तर आई खाली प्रेक्षकांत बसून नुसती बघत राहिली असती. काल तिनं दोनदा कात्री चालवली. पहिल्यांदा म्हणाली, "ही माझी." मग दुसऱ्यांदा, "आणि ही ह्यांची." शेवटची कात्री वस्तादांनी लावली, तेव्हा माझी मान ताठ होती.

हे पत्र टाकणार नाही. उद्याच्या गाडीनं मीच येतोय. वर चढलो नाही, तरी तोंड दाखवणार आहे.

तुमचाच,
सेइगो