भिलाव्याची बरणी आणि अट अकरावी

शिंदे की छावनी, लष्कर
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८७८

तीर्थस्वरूप कृष्णदादांच्या चरणी धाकटा चुलतभाऊ बळवंत याचा साष्टांग दंडवत. इकडे सगळं खुशाल म्हणण्याइतपत आहे, तिकडचं तुम्ही कळवाल तर कळेल. (हायकोर्टाच्या मागोमाग जबलपूरला गेल्यापासून तुमचं एकच कार्ड आलंय, आणि त्यातही निम्मं थंडीबद्दल.) लीलावहिनींचे गुडघे कसे आहेत? गेल्या महिन्यात त्यांच्यासाठी निर्गुंडीच्या तेलाची बाटली धाडली होती, ती त्यांनी लावली का? लावली नसेल तर कृपा करून लावू नये. वहिनींचा माझ्या औषधावर काडीचा विश्वास नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तर तार केली नाही. आणि चुकून लावलीच असेल तर म्हणावं, दिराला शिव्या द्यायच्या त्या पत्र संपल्यावर द्या.

आता मुद्द्याचं. तुम्हाला दिनकरराव आठवत असतील, गोरखीच्या शाळेत आपल्यामागे बसून आपल्याच पाटीवरून गणितं उतरवणारे. ते विम्याचे एजंट झाले होते. यंदा आयुर्विमा सरकारजमा झाला तसे ते उरलेले विमे विकत आपल्या लष्करात गल्लोगल्ली फिरायला लागले. आगीचा विकला, चोरीचा विकला, आणि दसऱ्याला सोनं द्यायला म्हणून आमच्याकडे आले ते चक्क माझ्या चुकांचा विमा घेऊन. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं म्हणे वैद्य, हकीम, होमिओपाथीवाले आणि हाडं बसवणारे अशा सगळ्यांसाठी पॉलिसी काढली आहे. औषधानं अपाय झाला म्हणून रोग्यानं दावा लावला, तर कोर्टात कंपनी भांडणार आणि भरपाईही कंपनीच देणार. मी म्हटलं, आमच्या घरी तीन पिढ्यांत चूक झालेली नाही. तर म्हणतात, वैद्यबुवा, तुमच्या आजोबांना दरबारात ओळखत होते, आता राजधानी चालली भोपाळला, तिथे तुम्हाला कोण ओळखतंय? दादा, हे मात्र लागलं हो मला. दरबारची सनद भिंतीवर नुसती फोटोसारखी टांगलेली, नव्या राज्याच्या वैद्यांच्या यादीत नाव अजून चढायचंय, आणि वर कोणी दावा लावला म्हणजे? घेतली पॉलिसी.

फॉर्मात पहिलाच रकाना होता, चिकित्सा करणाऱ्याचं पूर्ण नाव. आता आपल्या घराण्याची रीत तुम्हाला माहीत आहे. आजोबांपासून प्रत्येक चिठ्ठीवर 'चिकित्सक श्री धन्वंतरी, हस्ते अमुक' असंच लिहितात. गुण आला तर देवाचा, आपण नुसते हात. मी इमानानं तसंच लिहिलं. आठवड्याभरात कंपनीचं पत्र आलं, थेट श्री. धन्वंतरी यांच्या नावे, की आपला वयाचा दाखला जोडलेला नाही आणि पूर्वी कुठे नोकरी केली होती तेही कळवावं. दुर्गानं ते पत्र देवघरात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. (बायको असावी तर अशी, पण वेळ पाहून असावी.) शेवटी दिनकररावांनी दोन पत्रं घालून देवाला त्यातून सोडवलं आणि पॉलिसी माझ्या नावे झाली.

ती आली दिवाळीत. पहिल्या नोव्हेंबरला सरकारनं राज्यांची पुनर्रचना केली आणि त्याच आठवड्यात दुर्गानं माझ्या बरण्यांची. फळी धुतली, बरण्या पुसल्या आणि तिला दिसायला बरं वाटलं तशा मांडल्या. तीस वर्षं निर्गुंडी खिडकीकडून तिसरी होती, तिथे आता भिलाव्याचं तेल. चिठ्ठ्या लावलेल्या आहेत की, असं ती म्हणते. म्हणायला काय जातंय!

आणि नेमके दौलतसिंह आले. हे आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात. आधी दरबारच्या पलटणीत होते, मग मध्यभारत सरकारच्या दफ्तरात चौकीदार, आता दफ्तर भोपाळला चाललंय. तिकडे न्यायच्या चौकीदारांची डॉक्टरी तपासणी चार दिवसांवर आलेली. गुडघा जरा धरला होता, एवढंच. मी हात लांबवला, खिडकीकडून तिसरी बरणी काढली, आणि स्वतःच्या हातानं चांगलं चोळून दिलं. (वासावरून कळायला हवं होतं, खरंय. पण मला पडसं झालं होतं. वैद्याला पडसं झालं हे कृपया तिकडे कुणाला सांगू नका.) भिलावा कातडीला काय करतो ते तुम्ही लहानपणी बिब्ब्याशी खेळून पाहिलंच आहे. सकाळी गुडघ्यावर लिंबाएवढे फोड. तपासणीला बिचारे लंगडत गेले आणि डॉक्टरनं कागदावर लिहिलं, गुडघा निकामी, नोकरीस अपात्र.

आता फोड गेले, गुडघा ठणठणीत आहे, पण कागद काही बरा होत नाही. त्यांनी फेरतपासणीची दरख्वास्त केली आहे. दफ्तरवाले म्हणतात, गुडघा जात्याच अधू नव्हता, औषधाच्या चुकीनं तसं झालं, असं औषध देणाऱ्यानं सहीनिशी लिहून द्यावं आणि वीस तारखेच्या आत द्यावं. नाहीतर नोकरी गेली. वय अठ्ठेचाळीस, घरी म्हातारी आई, आणि वर्दी उतरवल्यापासून माणूस दारात बसून असतो, कोणी गेलं तर सवयीनं उठून उभा राहतो. मला बघवत नाही हो.

मग लिहून दे की, असं तुम्ही म्हणाल. पॉलिसीची अट अकरावी ऐका. विमेदारानं कंपनीला न विचारता स्वतःची चूक लेखी कबूल केली तर पॉलिसी रद्द. कंपनीला विचारायला सांगितलं तर दिनकरराव हबकलेच. म्हणाले, विचारूच नका, दौलतसिंहांना सरळ दावा लावायला सांगा, बाकी कंपनी बघून घेईल. म्हणून मी, आजोबांचा नातू, रोग्याच्या दारी जाऊन हात जोडले की बाबा रे, माझ्यावर फिर्याद कर. त्यांनी कानाला हात लावले. वैद्यजींवर मुकदमा? आई घरात घेणार नाही म्हणतात! उलट दुसऱ्या दिवशी गुडघा बरा केल्याबद्दल चार लाडू घेऊन आले. दादा, ते लाडू माझ्या घशाखाली उतरले नाहीत. (दुर्गानं खाल्ले.)

तर माझी विनंती एवढीच. तुम्ही वकील आहात. त्या दाखल्याचा असा मसुदा करून धाडा, की त्यात चूक तर दिसेल, पण ती कोणाची ते दिसणार नाही. 'बरण्यांच्या पुनर्रचनेमुळे' असं काही घालता आलं तर बघा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि बाटलीचं लक्षात असू द्या.

तुमचा,
बळवंत

ता. क. दुर्गावर उगाच ढकललं. चिठ्ठ्या ठसठशीत होत्या, मला दिसल्या नाहीत. गेली दोन वर्षं दिसत नाहीत, मी जागेवरून बरण्या काढतो. इंदरगंजात चष्मेवाला आहे, पण अर्ध्या लष्करच्या डोळ्यांत माझं अंजन आहे, मी त्याच्या दुकानात पाय कसा ठेवू? जबलपूरहून एक चष्मा गुपचूप धाडा. नंबर ठाऊक नाही, पण दुर्गाचा मला बरोबर लागतो असं आज कळलं. हे पत्र त्यातूनच लिहितोय, ती पलीकडे डाळीतले खडे चाचपत बसली आहे.

ता. क. दुसरा. पत्र बंद करत होतो तेवढ्यात दौलतसिंह आले. म्हणाले, टपालात मी टाकतो. सहज विचारलं, पलटणीत तुम्हाला वाचायला शिकवलं होतं ना, मग त्या दिवशी बरणीवरची चिठ्ठी दिसली नाही का? म्हणाले, "दिखी थी, वैद्यजी. भिलावा लिखा था. सोचा, आप दे रहे हैं तो ठीक ही होगा."

मसुदा करू नका, दादा. दाखला मी आत्ताच लिहून त्यांच्या हातात दिला. चूक माझी, हात माझा, गुडघा चांगला. आणि सही करताना 'चिकित्सक श्री धन्वंतरी' एवढं सवयीनं लिहून गेलो होतो, ते खोडलं आणि तिथे माझं नाव घातलं.