डब्याचं दुसरं भोक

आई, तू ज्याला शेवटपर्यंत ‘डबडं’ म्हणालीस तो ट्रक अजून आपल्याकडेच आहे. रंग पार उडालाय, डावं दार जरा वर उचलल्याशिवाय लागत नाही, पण आहे. यंदा मात्र तो राहतो की जातो अशी वेळ आली आणि मी या वयात हट्टाला पेटलो. सून म्हणाली, “बाबा, हे सगळं आंब्यासाठी की ट्रकसाठी?” म्हटलं, “आधी बिघाड सापडू दे गो, मग सांगतो.”

पावसाळाभर तो मांगरात, बागेतल्या त्या छपराच्या खोपीत, ताडपत्रीखाली उभा होता. आंब्याचे दिवस जवळ आले तसा बाहेर काढला. एका झटक्यात सुरू झाला, वाटलं, चला, यंदाचीही काळजी मिटली. हातखंबा सोडला, पालीच्या अलीकडे चढ लागला आणि हा ठसकायला लागला, जेवताना कुणाला उचकी लागावी तसा. पाय जितका दाबावा तितकी ओढ कमी. गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणला, दुसऱ्यावरून पहिल्यावर, आणि मग बंदच. रस्त्याकडेला बसलो, चहा घेतला, परत येऊन किल्ली फिरवली तर शहाण्या बाळासारखा सुरू. पुन्हा थोडं अंतर गेला आणि पुन्हा तीच उचकी.

घरी मुलगा म्हणाला, “बाबा, असा चालला तर कोल्हापूरला पोचेपर्यंत आंबा पेटीतच पिकायचा. मी भाड्याचा टेम्पो सांगतो. भंगारवाला गुरुवारी येतोय, त्याला दाखवू.” मी म्हटलं, “गुरुवारच्या आत भरल्या गाडीनं आंबा घाट न थांबता चढून दाखवतो. नाही चढलो तर तूच दे त्याला किल्ली.” तो हसला. “शब्द?” “शब्द.” नातवंडं ऐकत होती, त्यामुळे माघार घ्यायची सोय राहिली नाही.

मग सुरुवात केली. आधी सोपं, मग अवघड, ही माझी जुनी रीत. डिझेलचा फिल्टर नवा घातला. पंपाला डिझेल पोचवणाऱ्या छोट्या पंपाची जाळी धुतली, लाइनमधली हवा काढली, एअर क्लीनर झटकला, टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी बोटांनी चाचपत गेलो. कुठं ओल नाही, कुठं चीर नाही. पालीचा मेकॅनिक माझ्या मुलाच्या वयाचा, माणूस सरळ. म्हणाला, “काका, मोठा पंप उतरवून बाहेर पाठवायला लागेल.” तो चुकत होता असं नाही, तसंही असू शकलं असतं. पण मला पटेना. पंप बिघडला तर विश्रांतीनं असा बरा का होतोय? हा तर दम लागून बसणाऱ्या माणसासारखा वागतोय. मी म्हटलं, “दोन दिवस दे मला.” तो म्हणाला, “घ्या. पंप काय पळून जात नाय.”

दुसऱ्या दिवशी त्याच चढावर ट्रक पुन्हा बसला. काटा कधीचाच मेलाय, म्हणून टाकीत किती डिझेल आहे ते मी बांबूच्या काठीनं मोजतो. काठी घेतली, झाकण फिरवलं, तर ते लवकर सुटेना. जोर लावला आणि टाकीनं एकदम ‘सूं’ करून वारा आत ओढला. बुडालेला माणूस वर आल्यावर ओढतो ना, तसा. झाकण हातात धरून मी तिथंच उभा राहिलो.

आई, मी पुन्हा लहान आहे, आपल्या स्वयंपाकघरात आहे. घाण्यावरून खोबरेल तेलाचा डबा आलाय, शेजारणी बाटल्या घेऊन ओटीवर बसल्यात. मी मोठ्या तोऱ्यात खिळा ठोकून एका कोपऱ्याला भोक पाडतो आणि डबा कलता करतो. तेल येतं, थांबतं, गचका खातं, एकदम उडतं, आणि तू सकाळीच सारवलेल्या जमिनीवर सांडतं. “मेल्या, जमिनीला मालिश करतोस काय?” तू म्हणतेस. ओटीवरच्या सगळ्या हसतात. माझे कान तापतात. तू माझ्या हातातून खिळा घेतेस, समोरच्या कोपऱ्याला दुसरं भोक पाडतेस आणि डबा परत माझ्याच हातात देतेस. “आता ओत. तेल जायला एक, वारा यायला एक. वारा आत गेल्याशिवाय तेल बाहेर कसं येईल?” धार सुरू होते, सुतासारखी, आवाजसुद्धा न करता. त्या दिवशी शेवटच्या बाटलीपर्यंत तू मलाच ओतायला लावलंस.

झाकण न आवळता नुसतं वर ठेवून ट्रक सुरू केला. चढ संपला, पुढचा आला, तोही संपला. उचकी नाही. घरी येऊन डिझेलच्या टाकीचा माथा तपासला. तिथं करंगळीएवढी वाकडी नळी असते, टाकीत वारा जावा म्हणून. तिचं तोंड तांबड्या मातीनं लिंपून बंद. मांगरात उभ्या गाडीत कुंभारीण माशीनं घर केलं होतं, इतकं गुळगुळीत, जणू तुझ्याच हातानं सारवलंय. तारेनं टोकरलं तर आत वाळलेले कोळी निघाले, तिच्या पिल्लांची बेगमी. क्षणभर वाईटही वाटलं. मग नळी फुंकून पाहिली आणि तोंडाला जाळी बांधली.

बुधवारी आंब्याच्या वजनाइतके जांभ्या दगडाचे चिरे भरले आणि मुलाला शेजारी बसवलं. साखरपा मागे पडलं, घाट लागला. पहिल्या वळणाला तो माझ्या पायाकडे बघत होता, नंतर घड्याळाकडे, मग बाहेर दरीकडे बघायला लागला. मधेच म्हणाला, “बाबा, डिझेलचा वास येतोय.” म्हटलं, “जुनी गाडी आहे, यायचाच.” ट्रक एकदाही ठसकला नाही. माथ्यावर थांबून त्यानं भंगारवाल्याला फोन केला, “येऊ नका,” आणि मला चहा पाजला. मेकॅनिकनं ऐकलं तेव्हा म्हणाला, “काका, टाकीकडं माझं लक्षच गेलं नव्हतं.” म्हटलं, “माझंही झाकण अडलं म्हणून गेलं.”

हे कागद टपालात टाकायचे नाहीत, कपाटात तुझ्या लुगड्याखाली राहतील. पण एक सांगायचं राहिलंय. नळी साफ केली होती, फुंकर आरपार जात होती, सगळं कळलं होतं. तरी घाट चढायच्या आधी, मुलगा चिरे बांधत होता तेव्हा, मी टाकीचं झाकण अर्धा आटा सैल करून ठेवलं. वास त्याचाच होता, आणि घाट साफ नळीनं चढवला की सैल झाकणानं, हे मलाच ठाऊक नाही. म्हणून उद्या पहाटे तेच चिरे घेऊन, झाकण पुरतं आवळून, पुन्हा घाट चढणार आहे. मुलाला शेजारी बसवीन आणि झाकण त्याच्याच हातानं लावून घेईन.